पांदणीवरून संत्रा नेताना टायर नेमकं कुठं टेकतं? (मॉडेल फसलंय, मदत हवी)

बगीचातला | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज अडलं म्हणून लिहितोय.

मोर्शी तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. बगीच्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत दोन किलोमीटरची पांदण. आधी काळी माती, मग मुरूम, आणि नाल्याच्या अलीकडे तीनेकशे मीटर नुसती गिट्टी. खडीकरण झालं, रोलर फिरला, पुढचं काम काही आलं नाही. आंबिया बहाराचा माल पिकअपमध्ये क्रेट रचून नेतो. मंडीत व्यापारी वरचे दोन क्रेट उघडतो, एखादं फळ दाबून पाहतो आणि "मार लागला" म्हणून भाव पाडतो. मी म्हणतो गिट्टीने मार लागतो. बाबा म्हणतात, तुझा भाऊ गाडी पळवतो म्हणून लागतो.

मी मेकॅनिकल शिकलोय आणि सध्या घरीच आहे. म्हटलं, भांडत बसण्यापेक्षा मोजून पाहू. गाडीच्या एका चाकापुरतं साधं मॉडेल केलं: खाली टायर म्हणजे एक स्प्रिंग, त्यावर चाक आणि धुऱ्याचं वजन, त्यावर पाट्यांची स्प्रिंग, त्यावर भरलेला हौदा. रस्त्याची उंची मोजायला गिट्टीवर चाळीस मीटर दोरी ताणली आणि दर ५ सेंमीला पट्टी लावून खाली किती जातं ते लिहिलं. आठशे आकडे, दोन सकाळी गेल्या. मुरमाच्या एका तुकड्यावरही तेच केलं. मग हौद्याच्या तळाला फोन घट्ट बांधून खरे धक्के मोजले.

मुरमावर मॉडेल आणि फोन बऱ्यापैकी जुळतात. गिट्टीवर मात्र मॉडेल म्हणतं, हौद्याला चार-साडेचार जी, म्हणजे गुरुत्वाच्या चार-साडेचार पट, धक्का बसतो. फोन म्हणतो, एकच्या आतबाहेर. चारपट फरक! गणित तीनदा तपासलं. चूक कुठं आहे?

वऱ्हाडी_काकाजी | रविवार, रात्री ९:४०

बावा, येवढं कायले करतं? टायरची हवा थोडी कमी कर अन् हळू जाय. आमी बैलाच्या डमनीतून संत्रा नेला, तवा कोनं मोजलं व्हतं?

लंबवर्तुळ | रविवार, रात्री १०:०५

काकाजी, डमणीचा मुद्दा पुढे लागणार आहे, धरून ठेवा.

@बगीचातला, चूक गणितात नाही, पहिल्याच गृहीतात आहे. तुमच्या मॉडेलमधलं टायर रस्त्याला एका बिंदूत टेकतं. म्हणजे रस्त्यावर सुई टेकवून ओढत नेल्यासारखं. सुई प्रत्येक गिट्टीवर चढते आणि प्रत्येक फटीत तळापर्यंत उतरते. ४० मिमीची गिट्टी आली की तुमचं टायर लगेच ४० मिमी दबलं असं मॉडेल धरतं. टायरची ताठरता साधारण मिलिमीटरला २५० न्यूटन घेतली असेल, तर एका खड्यासाठी दहा हजार न्यूटन, म्हणजे टनभर वजनाचा धक्का. खरं टायर असं वागत नाही. ते गिट्टी गिळतं. खड्यापाशी रबर तेवढ्यापुरतं आत जातं, आजूबाजूचं टायर जमिनीवरच राहतं आणि धुरा जेमतेम वर उचलला जातो.

हे झालं उंचवट्याचं. फटीचं तर नुसत्या भूमितीने कळतं. चाकाची त्रिज्या ३५ सेंमी. १० सेंमी रुंदीची फट आली, तर चाक तिच्यात किती उतरेल? ३५ चा वर्ग वजा ५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ३४.६४. म्हणजे उतरलं जेमतेम साडेतीन मिलिमीटर, मग फट दोन इंच खोल असो की दोन फूट. तीच फट ३० सेंमी रुंद झाली की चाक ३.४ सेंमी उतरतं. रुंदी तिप्पट, उतरणं जवळजवळ दहापट.

आता काकाजींची डमणी. तिच्या चाकाची त्रिज्या ६५ सेंमी धरा. त्याच ३० सेंमीच्या खड्ड्यात ते पावणेदोन सेंमीच उतरतं. छोट्या चाकाच्या स्कूटरची त्रिज्या २२ सेंमी धरली तर ती जवळजवळ सहा सेंमी आदळते. लोखंडी धावेला हवा नव्हती, स्प्रिंग नव्हती, पण मोठं चाक स्वतःच खड्डे गाळून टाकायचं.

वऱ्हाडी_काकाजी | रविवार, रात्री १०:२०

आता कसं बोलला! पन हाडं खिळखिळी व्हायचीच, खोटं कायले बोलू.

डांबरट | रविवार, रात्री १०:३१

मूळ प्रश्न असा की खडीकरण करून सोडलं कुणी आणि बिल कुणी उचललं? त्याचं करा मॉडेल.

संपादक | रविवार, रात्री १०:५०

डांबरट, मुद्दा खरा, पण त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे टायरबद्दलच बोलू. यानंतरचे तीन अवांतर प्रतिसाद हलवले आहेत.

बगीचातला | सोमवार, सकाळी ६:५५

वा, हे कॉलेजात कुणी असं सांगितलं नव्हतं. मग टायरला मॅजिक फॉर्म्युला लावू का? नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या पसेयका यांचा, शेवटच्या वर्षाला होता आम्हाला.

लंबवर्तुळ | सोमवार, दुपारी १:१५

नको. १९८७ च्या त्या सूत्राचं काम वेगळं. चाक किती घसरतंय किंवा किती तिरकं वळतंय, त्यावरून ब्रेकचं आणि वळणाचं बळ किती, एवढंच ते सांगतं. त्यातला रस्ता गुळगुळीत धरलेला. टायर गिट्टीवर कसं पसरतं, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. नाव मॅजिक म्हणून सगळीकडे चालतं असं नाही.

तुम्हाला हवं ते त्याच डेल्फ्टच्या मंडळींनी नंतर केलं. श्माइट्झ यांच्या २००४ च्या प्रबंधातली कल्पना घरी बसून करता येईल इतकी सोपी आहे. दोन लंबवर्तुळं घ्या, अंडी उभी ठेवल्यासारखी, एकामागे एक. आकार साधारण टायरच्या बाहेरच्या कडेसारखा, आणि दोघांमधलं अंतर टायरच्या ठशाच्या (जमिनीला टेकलेल्या भागाच्या) लांबीपेक्षा थोडं कमी. दोन्ही अंडी रस्त्यावरून पुढे सरकवा. प्रत्येक अंडं रस्त्याला जिथं सगळ्यात आधी टेकेल, तिथं त्याची उंची नोंदवा. दोन्ही उंचींची सरासरी म्हणजे टायरला "जाणवणारी" उंची. दोघांतला फरक भागिले अंतर म्हणजे जाणवणारा उतार. तुमचं जुनं एकबिंदू मॉडेल आता या नव्या रस्त्यावर चालवा, खऱ्या रस्त्यावर नाही.

माझं नाव का लंबवर्तुळ, ते आता कळलं असेल. पुण्यात टायरच्या कामात बारा वर्षं गेली, मूळचा अकोल्याचा.

याहून खोल जायचं तर लवचीक कड्याची मॉडेलं आहेत, गिप्सर यांचं एफटायर त्यातलंच. टायरचा पट्टा म्हणजे शेकडो बिंदूंचं लवचीक कडं, प्रत्येक बिंदूला आपापली स्प्रिंग. पण त्याला टायरच्या चाचण्यांचे आकडे लागतात. तुमच्या पांदणीसाठी तो हत्ती नको.

खडी_मुरूम | सोमवार, रात्री ८:४४

मी रस्त्याच्या बाजूने बोलतो, सिव्हिलवाला आहे. लंबवर्तुळ यांनी टायर सांगितलं, पण जे मोजलं त्यालाच रस्ता म्हणता येईल का?

दर ५ सेंमीला एक माप घेतलंत. गिट्टी ४ ते ६ सेंमीची. पट्टी कधी खड्याच्या डोक्यावर पडली, कधी फटीत. दोन मापांच्या मधला खडा तुम्हाला दिसलाच नाही, आणि जो दिसला त्याला मॉडेलने सुळक्यासारखा टोकदार केला. गिट्टीसाठी दर सेंटिमीटरला माप हवं. चाळीस मीटर नका करू, पाच मीटर करा, पण दाट करा.

दुसरं, चाळीस मीटर दोरी ताणलीत तर तिचा झोळ धरला का? झोळ अंतराच्या वर्गाने वाढतो. नायलॉनची बारीक दोरी चांगली ओढली तरी चाळीस मीटरला मधोमध तीन-चार सेंमी सहज लोंबते. तेच अंतर आठ भाग करून पाच-पाच मीटरचं घेतलं की झोळ चौसष्टावा हिस्सा होतो, मिलिमीटरच्या आत.

आमच्यात खडबडीचे, तिच्या लाटेच्या लांबीप्रमाणे, वेगवेगळे पल्ले धरतात. अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं ते सूक्ष्म पोत, अर्धा ते ५० मिमी स्थूल पोत, ५० ते ५०० मिमी त्याहून मोठा पोत, आणि अर्ध्या मीटरच्या वर गेलं की त्याला असमतलता म्हणायचं. ब्रेक लागतो तो पहिल्या दोन पल्ल्यांवर. कंबर मोडते ती शेवटच्या दोनांवर. तुमची गिट्टी दुसऱ्या-तिसऱ्याच्या सीमेवर आहे. आवाज खूप, धक्का कमी.

भौतिकवेडी | सोमवार, रात्री ९:३०

ब्रेकचा विषय निघालाच आहे म्हणून जोडते. टायरचा ठसा तळहाताएवढा दिसतो, पण त्या तळहातातही रबर सगळीकडे टेकलेलं नसतं. डांबरातल्या खड्यांच्या माथ्यांवर टेकतं, त्या माथ्यांवरच्या बारीक टेंगळांवर टेकतं, टेंगळांवरच्या कणांवर टेकतं. जितकं भिंग मोठं लावाल तितकं खरं टेकलेलं क्षेत्रफळ कमी दिसतं. पेर्सन या शास्त्रज्ञाने २००१ मध्ये याचं गणित मांडलं. आधी ग्रीनवुड आणि विल्यमसन यांनी १९६६ मध्ये उंचवटे सुटे सुटे धरले होते. पेर्सन यांनी सुटे उंचवटे सोडले आणि भिंग हळूहळू वाढवत नेलं तर दाब कसा वाटला जातो, ते विचारलं. रबर प्रत्येक टेंगळावर दबतं आणि सुटतं, त्यात जी ऊर्जा मुरते तीच बरीचशी पकड.

बगीचातला यांना याचा उपयोग शून्य, हे माहीत आहे. राहवलं नाही.

धानपट्टा | मंगळवार, दुपारी १२:०२

भंडाऱ्याहून. तुम्ही सगळे रस्ता दगडासारखा धरून बसलात. आमच्याकडे पावसाळ्यात टायर दबत नाही, जमीन दबते. रोवणीला ट्रॅक्टरला केजव्हील (लोखंडी पिंजऱ्याची चाकं) लावतो, तिथं रबराचं काय मॉडेल करणार?

यवतमाळला बहिणीकडे जातो तेव्हा तर मजाच. काळ्या मातीत दुचाकी घातली की दहा मिनिटांत मडगार्ड गच्च. तिकडचे लोक पावसाळ्याआधी समोरचं मडगार्ड काढूनच ठेवतात. टायरच्या खाचा मातीने भरल्या की उरतो नुसता गुळगुळीत गोळा. माती मातीवर घसरते, टायर मधल्यामध्ये फुकट फिरतं.

लंबवर्तुळ | मंगळवार, रात्री ९:२०

शंभर टक्के मान्य. मऊ जमिनीचं शास्त्र वेगळं, बेकर नावाच्या अभियंत्याने त्याचा पाया घातला. १९५६ चा त्यांचा ग्रंथ आहे आणि पुढे चंद्रावरच्या गाडीच्या चाकांवरही त्यांनी काम केलं. त्यांच्या सूत्राचा गाभा असा: चाक जमिनीत किती रुतेल, ते दाबावर आणि ठशाच्या रुंदीवर ठरतं. आणि मातीचे आकडे प्रत्येक जमिनीला वेगळे. काळ्या मातीत तर एकाच जमिनीला महिन्यागणिक वेगळे. तिच्यातलं मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीचं खनिज पाणी पिऊन फुगतं, उन्हात भेगाळतं. मे महिन्यात ती सिमेंट, जुलैत लोणी.

म्हणून बगीचातला, आंबियाची तोड कोरड्यात करताय ना? मग काळ्या मातीचा तुकडा सध्या टणक धरायला हरकत नाही. मृग बहाराच्या मालालाही तेच. पाऊस पडून गेला असेल त्या दिवशी मात्र हे मॉडेल बाजूला ठेवा.

पेटीपारख | बुधवार, सकाळी १०:१०

मी पॅकिंगच्या क्षेत्रातली आहे. तुम्ही सगळे चाकापाशी अडकलात. मार संत्र्याला लागतो, हौद्याला नाही.

हौद्याचा धक्का एक जीच्या आत असेल तोवर फळं क्रेटमध्ये बसलेली राहतात. खाली जाणारा वेग गुरुत्वाकर्षणाहून जलद वाढला, म्हणजे एक जी ओलांडला, की फळ क्षणभर तरंगतं आणि मग खाली आपटतं. मार त्या आपटण्याचा. दुसरं म्हणजे रचलेले क्रेट हीसुद्धा एक स्प्रिंगच. खालच्यापेक्षा वरच्या क्रेटला झोके मोठे मिळतात. तुमचा व्यापारी वरचेच क्रेट उघडतो यात त्याचा अनुभव आहे, लबाडी असेलच असं नाही. फोन वरच्या क्रेटला बांधून पाहा. सगळ्यात मोठा धक्का किती ते सोडा, एक जी किती वेळा ओलांडला ते मोजा. आणि फोन सेकंदाला किती मापं घेतो तेही पाहा. शंभर घेत असेल तर पन्नास हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला पन्नास झोक्यांच्या, वरचं काही त्याला खरं दिसत नाही.

बगीचातला | रविवार, रात्री ८:३५

आठवडाभर गायब होतो, तोड सुरू होती. सगळ्यांचं ऐकलं. निकाल सांगतो, आणि मी हरलो हेही सांगतो.

आधी ठसा. मागचं चाक जॅकवर उचललं, टायरला ओला गेरू फासला, खाली जुन्या कॅलेंडरची पाठ ठेवली आणि जॅक सोडला. भरलेल्या गाडीचा ठसा सुमारे १३ सेंमी लांब, १५ रुंद. हिशेबाशी जुळतो का पाहिलं: चाकावर ७०० किलो, हवा ५० पीएसआय, भागाकार करून जवळपास २०० चौरस सेंमी. ठसा १९५! टायरची भिंतही थोडं वजन पेलते, खाचा कोऱ्या राहतात, त्यामुळे इतकं जुळणं हा निम्मा योगायोग असावा, पण आई म्हणाली गेरूचा हा उपयोग तिने पहिल्यांदा पाहिला. रिकाम्या गाडीचा ठसा निम्म्याहून लहान निघाला. रिकामी गाडी गिट्टीवर जास्त का खडखडते, त्याचं एक कारण सापडलं.

मग गिट्टीचा पाच मीटरचा तुकडा दर सेंटिमीटरला मोजला आणि त्यावरून दोन अंडी चालवली. मॉडेलचा चार जी उतरून एकवर आला. फोनच्या अगदी जवळ.

आता पेटीपारख ताईंचं. फोन वरच्या क्रेटला बांधला आणि पूर्ण पांदण नेली. गिट्टीवर एक जी ओलांडला मोजून सात वेळा. मुरमाच्या त्या तुकड्यावर, जिथं रस्ता पन्हळी पत्र्यासारखा झालाय, तिथं जवळपास सत्तर मीटरमध्ये एकशे चार वेळा! म्हणजे ज्या गिट्टीला मी दोन वर्षं शिव्या घातल्या, ती टायर गिळून टाकत होतं, आणि जिथं आवाज नाही म्हणून भाऊ गाडी सोडतो तिथं फळ नाचत होतं.

पन्हळीच्या लाटा साधारण ६० सेंमीच्या. भाऊ तिथं पंचवीसने जातो, म्हणजे सेकंदाला सातेक मीटर, म्हणजे सेकंदाला अकरा-साडेअकरा लाटा. माझ्या मॉडेलमध्ये चाक आणि धुऱ्याची स्वतःची उडी ११ हर्ट्झच्या आसपास आहे. बरोब्बर त्याच्यावर! आणि ६० सेंमीची लाट १३ सेंमीच्या ठशाला गाळता येत नाही, ती जवळजवळ जशीच्या तशी वर जाते. मुरमावर माझं एकबिंदू मॉडेल पहिल्यापासून का जुळत होतं, तेही कळलं.

खडी_मुरूम | रविवार, रात्री ९:१०

सुरेख. आणि ती पन्हळ तुमच्याच चाकांनी केलीय. २००७ मध्ये टोरोंटो, ल्यों आणि केंब्रिजच्या भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूच्या फिरत्या थाळीवर साधं चाक फिरवून दाखवलं, की एका ठरावीक वेगाच्या वर कोरड्या वाळूत लाटा आपोआप उठतात. स्प्रिंग नसली तरी उठतात. ट्रॅक्टरला ब्लेड लावून खरवडून घ्या, पण वेग तोच ठेवलात तर पुन्हा येतील.

वऱ्हाडी_काकाजी | रविवार, रात्री ९:२५

म्या पैल्याच दिवशी सांगतलं, हवा कमी कर अन् हळू जाय. येक तरी बरोबर निघालं का नाई?

लंबवर्तुळ | रविवार, रात्री ९:५०

हळू जाणं पूर्ण बरोबर, काकाजी. तिथं बारा-तेराच्या वेगाने गेलं की लाटा सेकंदाला सहाच्या आसपास येतात, चाकाच्या उडीपासून लांब. हवेचं अर्धं बरोबर. पन्नासची पस्तीस केली तर ठसा १९ सेंमीपर्यंत लांबेल, टायर मऊ होईल, गिट्टी आणखी सुखाची होईल. पण मग भरल्या गाडीने तसंच डांबरीवर पळायचं तर टायरची भिंत सारखी दुमडून तापते, आणि तापलेलं भरलेलं टायर फुटतं. पांदण संपल्यावर पंप मारायची तयारी असेल तरच करा. कंपनीने भरल्या गाडीसाठी सांगितलेल्या हवेखाली मी जाणार नाही.

एक राहिलं. तुमच्या गाडीचा मागचा धुरा अखंड आहे. डावं चाक लाटेच्या माथ्यावर आणि उजवं खळग्यात असेल तर धुरा हेलकावतो, एका चाकाचं मॉडेल ते पाहत नाही. दोन्ही चाकांच्या रेषा मोजल्या का?

बगीचातला | सोमवार, सकाळी ७:०५

डावी मोजली, उजवी राहिली. कालच्या खेपेला भावाने पन्हळीवर बाराने गाडी नेली, शिव्या देत. वरच्या क्रेटला एक जी नऊ वेळा. माल चांगला पोचला. व्यापाऱ्याने तरी भाव पाडला, या खेपेला कारण "साल ढिली".

पेटीपारख | सोमवार, सकाळी ९:४०

ढिली सालीची फळं वरच्या क्रेटमध्ये नका ठेवू, ती तळाला घाला. आणि क्रेटमध्ये तणस टाकता का? कोरडं असेल तर टाका.

धानपट्टा | सोमवार, सकाळी १०:१५

तणस आमच्याकडून न्या, धानाची मळणी झाली की पडूनच असते. बदल्यात ती अंड्यांची पायथन फाइल द्या. बोडीवरच्या (लहान तळ्यावरच्या) रस्त्यावर चालवून पाहतो.

बगीचातला | सोमवार, रात्री ९:००

फाइल रविवारी टाकतो. मुरमाची जुनी मापं त्या चाळीस मीटरच्या दोरीनेच घेतलेली आहेत, त्यातला झोळ काढायचा आहे. आणि उजवी रेषा मोजायला भाऊ तयार व्हायचा आहे.